डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन : स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेसाठी वेचलेले आयुष्य

धर्मभगिनींच्या एखाद्या इस्पितळात आपण जातो, तेव्हा गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या सिस्टर डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या दिसतात. कुणी सिस्टर शस्त्रक्रिया करतात, कुणी अडलेल्या बाळंतिणीची सुटका करतात. आपल्याला यात नवल वाटत नाही. सिस्टर आणि इस्पितळ ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे, की पूर्वापार असेच चालत आले असावे असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. ११ फेब्रुवारी १९३६पर्यंत एखाद्या व्रतस्थ भगिनीला डॉक्टर म्हणून काम करायचे, तर रोमची खास परवानगी लागत असे, आणि प्रसूतीचे काम तर व्रतस्थ जीवनाशी विसंगतच मानले जाई. हा निर्बंध दूर व्हावा म्हणून सर्वप्रथम नेटाने प्रयत्न करणाऱ्या व्यक्तींमध्ये जिचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, ती स्वतः धर्मभगिनी नव्हती. आयुष्याची पहिली एकसष्ट वर्षे ती कॅथलिकही नव्हती. स्कॉटलंडमधील डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन यांची ही जीवनकथा वाचकांपुढे ठेवताना आम्हाला एक जुनी उणीव थोडीशी भरून काढल्याचे समाधान वाटते.

ॲग्नेस यांचा जन्म ४ जुलै १८३७ रोजी एडिंबरा शहरात झाला. वडील डंकन मॅक्लारेन हे कापडाचे व्यापारी. स्वकष्टाने वर आलेला हा गृहस्थ पुढे १८५१ ते १८५४ या काळात शहराचा लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे आपल्याकडील महापौरासारखा प्रथम नागरिक झाला आणि १८६५पासून सोळा वर्षे ब्रिटिश संसदेत एडिंबराचा प्रतिनिधी होता. घराणे प्रेस्बिटेरियन पंथाचे, धर्माचरणात काटेकोर. ॲग्नेस चार वर्षांच्याही झाल्या नव्हत्या तोच त्यांची आई वारली. १८४८मध्ये वडिलांनी पुन्हा विवाह केला तो प्रिसिला ब्राइट या क्वेकर पंथीय स्त्रीशी. इंग्लंडच्या राजकारणात गाजलेले सुधारक जॉन ब्राइट यांची ही बहीण. सावत्र आई म्हटली की आपल्या कथाकहाण्यांतून जे चित्र उभे राहते, ते येथे पूर्णपणे बाजूला ठेवावे लागेल. प्रिसिलाबाई आणि ॲग्नेस या दोघी मायलेकींइतक्याच सहकारी झाल्या. गुलामगिरीविरुद्धचे आंदोलन, मद्यपानबंदी, स्त्रियांचा मताधिकार अशा विषयांची चर्चा त्या घरात जेवणाच्या मेजावर होत असे.

१८६६मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून ब्रिटिश संसदेला जो पहिला मोठा अर्ज सादर झाला, त्यावर ॲग्नेस यांची सही आहे. त्यानंतर एडिंबरामध्ये मताधिकार संस्था स्थापन झाली. प्रिसिलाबाई तिच्या अध्यक्षा आणि ॲग्नेस चिटणीस. पत्रे लिहिणे, सह्या गोळा करणे, सभा भरवणे, उत्तरेकडील दूरदूरच्या गावांपर्यंत प्रवास करून लोकांसमोर उभे राहणे, हे सारे त्यांनी केले. बाईमाणसाने चारचौघांत उभे राहून बोलणे हेच मुळात अशोभनीय समजले जाण्याचा तो काळ होता. चिटणीसपदाची ही चिवट उमेदवारी पुढे चाळीस वर्षांनी त्यांना रोममध्ये उपयोगी पडणार होती.

याच सुमारास एडिंबरामध्ये एक वादळ उठले. सोफिया जेक्स-ब्लेक ही तरुण स्त्री वैद्यकीय शिक्षण घेण्याची मागणी घेऊन एडिंबरा विद्यापीठाच्या दारात उभी राहिली. एकट्या बाईसाठी वेगळे वर्ग घेता येणार नाहीत असे विद्यापीठाने कळवल्यावर तिने आणखी सहकारी मिळवल्या. १८६९मध्ये या स्त्रियांना प्रवेश मिळाला. इतिहासात त्या एडिंबराच्या सातजणी म्हणून ओळखल्या जातात. प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे मात्र नव्हे. त्यांचे वर्ग वेगळे, शुल्क अधिक, आणि शिकवायला राजी होणारे प्राध्यापक मोजकेच. त्यांच्यातील एडिथ पीची हिने रसायनशास्त्राच्या परीक्षेत इतके उत्तम गुण मिळवले, की नियमानुसार शिष्यवृत्ती तिलाच मिळावयास हवी होती. ती तिला नाकारून तिच्या खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्याला देण्यात आली. १८ नोव्हेंबर १८७० रोजी या स्त्रिया शरीरशास्त्राच्या परीक्षेसाठी सर्जन्स हॉलकडे निघाल्या असता विद्यार्थ्यांच्या जमावाने त्यांची वाट अडवली, त्यांच्यावर चिखल फेकला आणि फाटक तोंडावर बंद केले. त्या कशाबशा आत पोहोचल्या, तर परीक्षेच्या दालनात एक मेंढी ढकलण्यात आली. हुल्लडबाजांपैकी बरेचजण पुढे डॉक्टर झाले असतील. परीक्षा देणाऱ्या त्या स्त्रियांना मात्र १८७३मध्ये न्यायालयाने अंतिमतः सांगितले, की विद्यापीठाने त्यांना प्रवेश द्यायलाच नको होता, म्हणून पदवी देण्याचे बंधनही त्याच्यावर नाही.

या सर्व घडामोडी ॲग्नेस जवळून पाहत होत्या. सोफिया त्यांची मैत्रीण. त्या स्वतः तेव्हा पस्तिशीत होत्या, अविवाहित होत्या, सुखवस्तू घरात होत्या. मैत्रिणीच्या लढ्याला पाठिंबा देऊन त्या थांबल्या असत्या, तरी कुणी बोल लावला नसता. परंतु या वयात आपणही डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. मायदेशी दारे बंद होती. फ्रान्सने मात्र स्त्रियांना वैद्यकीय पदव्या द्यायला सुरुवात केली होती. दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथील वैद्यक विद्यालय युरोपातील सर्वांत जुन्या विद्यालयांपैकी एक. मध्ययुगापासून तेथे वैद्यक शिकवले जात आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावरील ही स्कॉटिश स्त्री परभाषेत व्याख्याने ऐकण्यासाठी, परभाषेत परीक्षा देण्यासाठी आणि पुरुष विद्यार्थ्यांच्या घोळक्यात शवविच्छेदन शिकण्यासाठी तेथे गेली. १८७८मध्ये त्यांनी एम.डी. पदवी मिळवली.

माँपेलिएमध्ये राहण्याची सोय पाहायची होती. ती झाली फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या मठात. कट्टर प्रेस्बिटेरियन घरात वाढलेली विद्यार्थिनी कॅथलिक मठात राहू लागली. पहाटेची घंटा, प्रार्थना, मौन, गोरगरिबांची विचारपूस, हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडू लागले. त्यांनी लगेच धर्मांतर केले असे कुणी समजू नये. मठाच्या दारातून आत पाऊल टाकणे आणि ख्रिस्तसभेच्या दारातून आत येणे यांच्यामध्ये दोन दशके गेली. आमच्या मते ही वीस वर्षे त्यांच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगून जातात. त्या घाईने निर्णय घेणाऱ्या नव्हत्या, आणि एकदा घेतलेला निर्णय सोडणाऱ्याही नव्हत्या.

फ्रेंच पदवी हाती आली, तरी ब्रिटनमध्ये व्यवसाय करण्यासाठी तेथील नोंदवहीत नाव लागणे आवश्यक होते. १८७६मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून परीक्षा घेणाऱ्या संस्थांना स्त्रियांना बसू देण्याची मुभा दिली. मुभा दिली, सक्ती केली नाही. त्या मुभेचा पहिला उपयोग केला तो डब्लिनमधील किंग अँड क्वीन्स कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने, १८७७मध्ये. सोफिया जेक्स-ब्लेक आणि एडिथ पीची यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथून एम.डी. होऊन डब्लिनचाच परवाना घेतला होता. ॲग्नेस यांनीही तीच वाट धरली. आयर्लंड हे कॅथलिकांचे राष्ट्र आणि त्या काळी गरिबीत पिचलेले. बलाढ्य इंग्लंड-स्कॉटलंडच्या विद्यापीठांनी जे केले नाही, ते डब्लिनच्या या संस्थेने केले, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

येथे क्षणभर आपल्या मुंबईकडे वळावे लागेल, कारण या मैत्रिणींच्या गोतावळ्याचा धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो. ज्यांची शिष्यवृत्ती हिरावली गेली, त्याच एडिथ पीची १८८३मध्ये मुंबईला आल्या आणि स्त्रिया व मुलांसाठी उभारलेल्या कामा इस्पितळाची वैद्यकीय धुरा त्यांनी वाहिली. बालविवाहाच्या खटल्यामुळे देशभर नाव झालेल्या रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी त्यांनी उत्तेजन दिले. १८८९मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकण्यासाठी गेल्या, तेव्हा तेथे त्यांचे आतिथ्य आणि पाठराखण करणारे जोडपे कोण होते? वॉल्टर मॅक्लारेन आणि त्यांच्या पत्नी ईव्हा. वॉल्टर हे डंकन आणि प्रिसिला यांचे पुत्र, म्हणजे ॲग्नेस यांचे सावत्र बंधू. १८९४मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेत त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. तत्पूर्वी १८८६मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे पदवी घेतली होती आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले होते. एडिंबरामध्ये बंद झालेल्या एका फाटकाचा आवाज किती दूरवर ऐकू गेला, हे यावरून ध्यानात येईल.

ॲग्नेस यांनी व्यवसायासाठी दक्षिण फ्रान्समधील कान हे समुद्रकाठचे शहर निवडले. हिवाळ्यात श्रीमंत इंग्रज तेथे हवापालटासाठी येत. तेथे त्यांचा जम बसला. या वीस वर्षांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. एक कुशल, सुस्थितीतील, आदरणीय स्त्री डॉक्टर असे त्यांचे आयुष्य होते आणि ते तसेच शांतपणे संपलेही असते.

१८९८मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. पुढे त्या संत डॉमिनिकच्या तृतीय संघाच्या सभासद झाल्या. या वयात माणसे हाती घेतलेले आवरते घेऊ लागतात. डॉ. मॅक्लारेन यांचे खरे जीवनकार्य येथून सुरू झाले.

भारतातील पडदानशीन स्त्रियांच्या दुःस्थितीची माहिती त्यांना मिळाली. उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः पंजाब आणि सरहद्दीच्या भागात, जनान्यातील स्त्रीला परपुरुषाने तपासणे घरच्यांना मान्य नसे. इस्पितळ होते, पण डॉक्टर पुरुष, म्हणून त्या इस्पितळाचा तिला उपयोग नव्हता. अडलेल्या बाळंतिणी आणि त्यांची मुले उपचाराविना प्राणास मुकत. प्रॉटेस्टंट मिशनांनी ही गरज लवकर ओळखली होती. अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या डॉ. क्लारा स्वेन १८७०मध्येच बरेलीस आल्या होत्या. १८९४मध्ये डॉ. एडिथ ब्राउन यांनी लुधियाना येथे ख्रिस्ती स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय सुरू केले. सरकारी बाजूने १८८५मध्ये लेडी डफरिन निधी स्थापन झाला होता. कॅथलिकांकडे शाळा होत्या, अनाथालये होती, दवाखाने होते, सेवेला वाहिलेल्या शेकडो धर्मभगिनी होत्या. स्त्री डॉक्टर मात्र जवळजवळ नव्हत्याच. आम्ही हे संकोचाने लिहीत आहोत, पण लिहिणे आवश्यक आहे.

रावळपिंडीच्या परिसरात तेव्हा मिल हिल मिशनरी काम करीत असत. त्यांच्या प्रमुखांनी स्त्रियांसाठी इस्पितळ असावे अशी निकड मांडली होती. डॉ. मॅक्लारेन यांनी १९०५मध्ये लंडन येथे एक वैद्यकीय मिशन समिती स्थापन केली. निधी जमवणे आणि भारतात जाण्यास तयार असलेल्या स्त्री डॉक्टर शोधणे हे तिचे काम. मताधिकाराच्या चळवळीतील जुना अनुभव आता कामी आला. पत्रे, विनंत्या, भेटीगाठी पुन्हा सुरू झाल्या. १९०९मध्ये रावळपिंडी येथे स्त्रिया आणि मुलांसाठी सेंट कॅथरिन इस्पितळ उभे राहिले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी डॉ. मॅक्लारेन स्वतः त्यासाठी भारतात आल्या. आगबोटीचा आणि आगगाडीचा तो प्रवास तरुणांनाही थकवणारा होता.

इस्पितळाची इमारत झाली, रुग्णसेवेसाठी फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी संघाच्या भगिनी मिळाल्या, पण डॉक्टर टिकेनात. कुणी आली आणि आजारी पडून परतली, कुणी करार संपल्यावर निघून गेली. संसार, घर, स्वतःचा व्यवसाय यांच्या ओढीने त्या जाणारच होत्या, त्यात त्यांचा दोष नव्हता. वृद्ध डॉक्टरबाईंच्या मनात एक विचार पक्का झाला. हे काम टिकायचे असेल, तर आयुष्य वाहिलेल्या स्त्रियांनीच ते हाती घेतले पाहिजे. धर्मभगिनींनी डॉक्टर झाले पाहिजे. आणि नेमके तेथेच ख्रिस्तसभेचा नियम आडवा आला.

हा नियम कोठून आला, हे थोडे समजून घेऊ. सेमिनरीत आम्ही धर्मविधीशास्त्र शिकलो, तेव्हा या कलमांवरून आमचा वर्ग झरझर पुढे सरकला होता. त्यांनी कुणाचे प्राण अडले होते, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले नाही. ११३९च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने मठवासीयांना द्रव्यलाभासाठी वैद्यक शिकण्यास मनाई केली. मठ सोडून पैशामागे धावणारे वैद्य-संन्यासी हे त्या काळचे खरेखुरे दुखणे होते. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्माधिकाऱ्यांना कापणे-डागणे करावी लागणारी शस्त्रक्रिया निषिद्ध ठरवली, कारण रक्तपात आणि रुग्णाचा मृत्यू यांचा कलंक वेदीवर उभे राहणाऱ्याच्या हाताला लागू नये. पुढे शतकानुशतके या निर्बंधांची व्याप्ती वाढत गेली. १९०१मध्ये रोमच्या संबंधित मंडळाने नव्या धर्मसंघांना मान्यता देण्याविषयीची जी नियमावली काढली, तिने बाळंतिणींची शुश्रूषा करण्यासाठी निघालेल्या स्त्रियांच्या संघांना मान्यता देऊ नये असे धोरण ठेवले. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या भगिनीने प्रसूतीच्या खोलीत असणे तिच्या व्रताला शोभणार नाही, अशी त्यामागची भूमिका होती.

हेतू शुद्ध होता, याविषयी आम्हाला शंका नाही. परंतु बाराव्या शतकातील लोभी संन्याशांना आवर घालण्यासाठी ज्याचा आरंभ झाला, त्या नियमाची झळ विसाव्या शतकात रावळपिंडीच्या एका मातेला लागावी, ही गोष्ट मनाला चटका लावते. तिच्या धर्माने पुरुष डॉक्टरला दार बंद केले होते, आणि आपल्या धर्मसभेने स्त्री डॉक्टरला. दोन्ही दारांच्या मध्ये ती अडकली होती. आपण नेहमी पहिल्या दाराविषयी बोलतो. दुसऱ्या दाराविषयीही बोलले पाहिजे.

डॉ. मॅक्लारेन यांनी बंडखोरी केली नाही आणि नियम मान्य करून त्या गप्पही बसल्या नाहीत. नुकतीच ख्रिस्तसभेत आलेली, सत्तरी ओलांडलेली ही स्त्री रोमला वारंवार जात राहिली. अर्ज करीत राहिली. मिशन क्षेत्रातील भगिनींना वैद्यकीय शिक्षण घेण्याची आणि प्रसूतिसेवेसह संपूर्ण वैद्यक आचरण्याची मोकळीक मिळावी, एवढीच मागणी होती. आशीर्वाद मिळाले, सहानुभूती मिळाली. नियम मात्र जागचा हलला नाही. एडिंबरा विद्यापीठाशी झगडणाऱ्या मैत्रिणीला न्यायालयात जाता आले होते, वृत्तपत्रांत लिहिता आले होते, संसदेत कायदा करून घेता आला होता. येथे तसले कुठलेच हत्यार नव्हते. वाट पाहणे आणि पुन्हा विचारणे, एवढेच हाती होते.

त्याचबरोबर त्या तरुण मुली शोधत राहिल्या. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात श्टेग नावाचे एक डोंगरी खेडे आहे. तेथे १८९२मध्ये जन्मलेल्या ॲना डेंगेल या मुलीची आई ती नऊ वर्षांची असताना वारली होती. पुढे फ्रान्समध्ये लिआँ येथे जर्मन शिकवीत असताना ॲनाच्या हाती डॉ. मॅक्लारेन यांच्या कार्याविषयीचे पत्रक पडले. तिने पत्र लिहिले. उत्तर आले. त्यात उपदेश फारसा नव्हता, व्यवहाराचा सल्ला होता. भारतात काम करायचे, तर ब्रिटिश राज्यात ग्राह्य असलेली पदवी हवी, हे त्या अनुभवी स्त्रीने तिला समजावले. स्वतःची फ्रेंच पदवी घेऊन डब्लिनची परीक्षा द्यावी लागलेल्या बाईंना हे चांगलेच ठाऊक होते. पत्रव्यवहार सुरू राहिला. दोघींची भेट मात्र कधीच झाली नाही. १७ एप्रिल १९१३ रोजी फ्रान्समधील अँतीब येथे, वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन यांचे निधन झाले. रोमचा नियम तेव्हाही जसाच्या तसा होता.

ॲना आयर्लंडमध्ये कॉर्क येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये वैद्यक शिकू लागली. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. ऑस्ट्रियाची नागरिक म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राची प्रजा. तशाही परिस्थितीत तिने १९१९मध्ये पदवी मिळवली आणि १९२०मध्ये ती रावळपिंडीच्या सेंट कॅथरिन इस्पितळात डॉक्टर म्हणून रुजू झाली. ज्यांच्या पत्रामुळे ती तेथे आली, त्यांच्या मृत्यूला तेव्हा सात वर्षे झाली होती.

त्याच साली आणखी एक डॉक्टर भारतात आली. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डॉ. मेरी ग्लाउरी यांचा उत्तम व्यवसाय चालू होता. २४ ऑक्टोबर १९१५ रोजी, मिस्सानंतर, त्यांनी डॉ. मॅक्लारेन यांच्याविषयीची एक पुस्तिका वाचली आणि आपली वाट कोणती हे त्यांना उमगले. फेब्रुवारी १९२०मध्ये त्या आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे पोहोचल्या आणि जीझस मेरी जोसेफ संघात दाखल झाल्या. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्यांना धर्मभगिनी राहूनही वैद्यकीय व्यवसाय करण्याची खास परवानगी दिली. नियम तसाच राहिला, पण त्याला पहिली चीर पडली. सिस्टर मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट या नावाने त्यांनी गुंटूरमध्ये दीर्घकाळ रुग्णसेवा केली, स्थानिक मुलींना परिचारिका आणि औषधनिर्मितीचे शिक्षण दिले आणि १९४३मध्ये भारतातील कॅथलिक इस्पितळांची संघटना स्थापन केली. भारतात कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय असावे हे त्यांचे स्वप्न होते. १९५७मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले, आणि १९६३मध्ये त्याच शहरात सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०१३मध्ये त्यांना प्रभूची सेविका म्हणून घोषित करण्यात आले.

डॉ. डेंगेल यांनी रावळपिंडीत सुमारे चार वर्षे एकटीने झुंज दिली. थकून त्या युरोपात परतल्या, तेव्हा आपल्या गुरूने काढलेल्या निष्कर्षापाशीच त्याही पोहोचल्या होत्या. एकेकट्या डॉक्टरने हे भागणारे नाही, संघ हवा. ३० सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे चार स्त्रिया एकत्र राहू लागल्या. दोन डॉक्टर, दोन परिचारिका. हाच पुढचा मेडिकल मिशन सिस्टर्स हा धर्मसंघ. जाहीर व्रते घेतली असती, तर वैद्यकी सोडावी लागली असती. म्हणून त्यांनी जाहीर व्रते न घेता, धर्मपरायण स्त्रियांचा एक समाज या नात्याने अकरा वर्षे काढली. त्या मनाने धर्मभगिनी होत्या, कागदोपत्री नव्हत्या. आमच्या वाचकांपैकी ज्यांना नियम आणि सेवा यांच्या ओढाताणीत कधी उभे राहावे लागले असेल, त्यांना ही अकरा वर्षे समजतील.

अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्दच्या मातेच्या सणादिवशी, पोप पायस अकरावे यांच्या कारकिर्दीत रोमच्या धर्मप्रसार मंडळाने आदेशपत्र काढले. मिशन क्षेत्रातील माता आणि बालके यांच्या रक्षणासाठी भगिनींनी वैद्यकीय आणि परिचर्येच्या पदव्या घ्याव्यात, प्रसूतिसेवाही करावी, असे त्यात नुसते मान्य केले नव्हते, तर तसे प्रोत्साहन दिले होते. त्याच वर्षी डॉ. डेंगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर व्रते घेतली. मॅक्लारेन यांच्या मृत्यूला तेव्हा तेवीस वर्षे लोटली होती.

या संघाच्या भगिनींनी पुढे पाटणा आणि दिल्ली येथे होली फॅमिली इस्पितळे चालवली. १९४८मध्ये लोरेटो मठातून बाहेर पडलेल्या मदर तेरेसा रुग्णशुश्रूषेचे प्राथमिक धडे गिरवण्यासाठी ज्या इस्पितळात गेल्या, ते पाटण्याचे होली फॅमिली इस्पितळच होते. एडिंबरामधील मॅक्लारेन घराण्याची कन्या आणि कोलकात्याच्या झोपडपट्टीत उतरलेली संत तेरेसा यांच्यामध्ये अशी ही एक वाट आहे.

मदर ॲना डेंगेल यांचे रोम येथे १९८०मध्ये निधन झाले. आपल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात ज्यांना एकदाही प्रत्यक्ष पाहिले नाही, त्या डॉ. मॅक्लारेन यांचा फोटो नव्हे तर पत्ररूपाने मिळालेला सल्ला घेऊन त्या निघाल्या होत्या. त्यांच्या मृत्यूची तारीख होती १७ एप्रिल, डॉ. मॅक्लारेन यांच्या मृत्यूचीच.